काठी टेकली का, बाई?

तोलबाबांच्या हातात काहीही लांबुडकं आलं की ते आडवं राहत नसे. छत्री, फुंकणी, कुऱ्हाडीचा दांडा, शाळेतली मोजपट्टी, सगळं तळव्यावर उभं राहायचं. एकदा तालुक्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी गुंडाळलेला नकाशा क्षणभर धरायला दिला, तर साहेबांचं चहाचं आटपेपर्यंत भारत देश यांच्या तळव्यावर उभा. स्वतः मात्र बाजूच्या माणसाशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारतायत. हे ते दाखवायला करत नसत. आपण बोलताना पेन चाळवतो ना, तसं.

माझी आणि त्यांची ओळखही अशीच झाली. नव्वदच्या सुमारास मला पहिली नेमणूक मिळाली ती भीमाशंकरच्या वाटेवर, शिनोलीच्या पुढे उतरून नदीकाठानं दीड तास चाललं की लागणाऱ्या एका वाडीत. मी मंचरच्या पलीकडची, सपाटीवरच्या शेतकरी घरातली. डोंगर म्हणजे लांबून बघायची गोष्ट, एवढंच मला माहीत. एसटीतून उतरले तर पाटलांनी न्यायला पाठवलेला एक साठीचा, काटकुळा माणूस उभा होता. त्यानं माझी पेटी डोक्यावर घेतली, माझी नवीकोरी छत्री हातात घेतली आणि ती तळव्यावर उभी करून पायवाटेला लागला.

"अहो बाबा, पडेल ना ती!" मी म्हटलं.

"न्हाई पडत बाई. टोकाकडं बघितलं की पडत न्हाई. हाताकडं बघितलं की पडलं," ते म्हणाले. छत्री वाडीपर्यंत पडली नाही. मी दोनदा पडले.

त्यांचं खरं नाव मतदारयादीत असेल. गावात लहानथोर सगळे तोलबाबाच म्हणत, आणि त्यांना काठीसाठी लागायचं तेवढं सगळे आणून देत. काठी म्हणजे भैरोबाची काठी. ती पेलायचा मान त्यांच्या घराण्याकडे. बाकी त्यांच्याकडे चार खाचरं भात, थोडी नाचणी, दोन बैल आणि एक कायम करवादलेली बायको.

चैत्री पौर्णिमेला भैरोबाची जत्रा असे. सावरीची लाल फुलं गळून गेलेली, करवंदी पांढऱ्या फुलांनी लगडलेली, आणि सगळा डोंगर वाळक्या गवताच्या वासानं भरलेला. सकाळी मांडव-डहाळे. आंब्याजांभळीच्या हिरव्या फांद्या वाजतगाजत आणायच्या आणि देवळापुढं मांडव घालायचा. संध्याकाळी कुस्त्या. आणि मध्ये, ऊन डोक्यावर आलं की काठी. अठरा हात लांब एकसंध वेळू. तो त्यांच्याच बांबूच्या बेटातला. त्याला लालपांढरं कापड गुंडाळलेलं, टोकाला मोरपिसांचा झुबका आणि घुंगरं, बुडाला शेंबी, म्हणजे लोखंडी टोपी. "काठीला सांधा चालत न्हाई," ते म्हणायचे, "सांध्याची काठी म्हंजी उसनी काठी."

हलगी सुरू झाली की हा काटकुळा माणूस ती काठी आधी तळव्यावर घ्यायचा, मग कोपरावर, मग कपाळावर. मान मागं टाकलेली, डोळे टोकावर, पाय हलगीबरोबर. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा भीतीनं डोळे मिटून घेतले आणि शेजारच्या बाईनं मला कोपरखळी मारून उघडायला लावले. तसं गोल गोल नाचत ते देवळाशी यायचे आणि काठी हळूहळू कलती करायचे. एवढा उंच वेळू कलता झाला की सावरणं कुणाचं काम नाही, पण तो उतरायचा अलगद, आणि मोरपिसं देवळाच्या कळसाला लागायची. पितळी कळसावर घुंगरं खणखणायची.

काठी पेलणाऱ्यानं मात्र स्वतः 'टेकली' म्हणायचं नाही, अशी रीत. तो फक्त विचारू शकतो. बघणाऱ्यानं बघायचं आणि सांगायचं. देवळाचा गुरव कळसाखाली उभा असायचा. तोलबाबा विचारायचे, "टेकली का?" गुरव ओरडायचा, "टेकली!" मग अख्खं गाव एका आवाजात "टेकलीऽऽ" म्हणायचं. तोवर गावात चूल पेटत नसे. आणि नुसती चूल नव्हे, राबही पेटत नसे. भाताचं रोप टाकायच्या आधी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, तो राब. काठी टेकली नाही तर राब नाही, राब नाही तर रोप नाही. म्हणजे गावाचं वर्षभराचं पोट त्या एका शब्दावर होतं. मी शिकलेली बाई, मला आधी याचं हसू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोऱ्यातून चहूकडून राबाचा धूर एकदम वर चढताना पाहिला आणि हसू गेलं.

वाडीच्या खाली नदीवर होऊ घातलेल्या धरणाची भिंत तेव्हा अर्धी झाली होती. तोलबाबा तिच्याविषयी कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. फक्त मला चिडवायचे. कालवा आमच्या सपाटीवर यायचा होता ना! "बाई, आमच्या भैरोबाच्या आंघुळीचं पानी तुमच्या कांद्याला जानार. कांदा गोड लागतोय का तेवढं सांगा." मी हसायचे आणि विषय बदलायचे. पुढे कालवा आला, माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या रानात बारमाही पाणी आलं, आणि मी दर वर्षी त्यांच्यासाठी कांद्याची एक गोण नेऊ लागले. ते कांदा बुक्कीनं फोडायचे, भाकरीबरोबर खायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "गोड हाये."

पाणी चढलं ते एका पावसाळ्यात. गाव आधीच वरच्या उतारावर आलं होतं, शाळाही आली होती. भैरोबाचा पितळी मुखवटा वाजतगाजत वर आणून नव्या पत्र्याच्या देवळात बसवला. पण मूळ देव म्हणजे जिवंत खडकातला शेंदूर लावलेला उंचवटा. तो उपटून कसा आणणार? तोलबाबा पत्र्याच्या देवळापुढं उभे राहून म्हणाले, "मुखवटा म्हंजी सदरा. अंग खालीच हाये."

त्या चैत्रात काठी पत्र्याच्या देवळाला लावली. कळस म्हणून वर पाण्याचा पाइप बसवून रंगवला होता. गुरव म्हणाला, "टेकली." गावही म्हणालं, जरा हळू. तोलबाबांनी काठी उतरवली आणि घरी गेले. सगळ्यांचे राब पेटले, त्यांचा पेटला नाही. त्यांनी कुणाशी वाद घातला नाही, कुणाला बोल लावला नाही. त्या वर्षी त्यांची खाचरं नुसती पडीक राहिली. बायको घरात आदळआपट करायची आणि ते ओट्यावर बसून फुंकणी तळव्यावर उभी करायचे.

गावाला ते बघवेना. पुढच्या चैत्रात तोलबाबाच म्हणाले, होडी काढा. धरणाच्या पाण्यातून ये-जा करायला एक लाकडी होडी आली होती, नामा नावाचा पोरगेला बाप्या ती चालवायचा. तोलबाबांनी काठीच्या बुडाला तेलातला शेंदूर फासला. "पिसांनी टेकवायची ती आता बुडानं टेकवायची. द्येव खाली गेला, त्याला म्या काय करू? आजच्या दिवस ह्ये बूडच डोकं." आणि डुगडुगणाऱ्या होडीत ते अठरा हाताची काठी कपाळावर घेऊन उभे राहिले. काठावर अख्खं गाव, हलगी वाजतेय, आणि निळ्या पाण्यावर ती लालपांढरी काठी जराही न कलता चाललेली. मी आयुष्यात याहून सुंदर काही पाहिलेलं नाही, आणि पाहताना इतकं रडूही मला कधी आलेलं नाही.

देऊळ नेमकं कुठं ते त्यांनी खुणांवरून धरलं होतं. खिंडीतला उभा दगड आणि वरच्या शाळेच्या झेंड्याचा खांब एका रेषेत आले पाहिजेत, आणि दुसऱ्या अंगाला सुळका आणि एक वठलेला आंबा. दोन रेषा जुळल्या की खाली कळस. काठी सरळ पाण्यात सोडायची. दहा-अकरा हातांवर ती थांबायची. गुरव म्हातारा, तो होडीत चढेना. मग बघणारं कोण? तोलबाबांनी माझ्याकडं बोट केलं. "बाईंना घ्या. बाई शिकल्याल्या हाईत, त्यांची नजर सरळ हाये." अशी मी गावाची साक्षीदार झाले. कळस तर दिसत नव्हता. काठी थांबली की "टेकली!" म्हणून काठाकडं तोंड करून ओरडायचं, एवढंच माझं काम.

दोन-तीन वर्षांत त्यांचे डोळे गेले. मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन करून घ्या म्हणून मी मागं लागायचे. "जत्रा झाली की करू," ते म्हणायचे. जत्रा झाली की राब, राब झाला की पेरा, मग लावणी. काठी ते न बघताच पेलू लागले. टोकाची घुंगरं ऐकून त्यांना टोक कुठं आहे ते कळायचं. खुणा धरायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. "बाई, तुमची नजर द्या," म्हणायचे आणि मी होडीच्या टोकाला उभी राहून दगड, खांब, सुळका, आंबा असं जुळवायचे. शिक्षकी पेशात इतकं महत्त्व मला कुणी दिलं नव्हतं.

याच काळात शाळेला नवी खोली मिळाली. मी पाठपुरावा करून मिळवलेली, त्यामुळे मला तिचा फार अभिमान. खोलीपुढं छान मोकळं अंगण होतं, म्हणून झेंड्याचा खांब जुन्या जागेवरून काढून तिथं हलवून घेतला. बारा-पंधरा पावलं. पंधरा ऑगस्टला फोटो चांगला यावा हा माझा विचार.

पुढच्या चैत्रात मी होडीत उभी राहिले, दगड आणि खांब एका रेषेत आणले, आणि म्हटलं, "इथंच." काठी सोडली. अकरा हात, बारा हात, तेरा, चौदा हातांवर थांबली.

"औंदा खोल गेली," तोलबाबा म्हणाले.

"पाणी जास्त आहे यंदा, बाबा."

त्यांनी काठीवर दोन्ही तळवे ठेवले. मग त्यांनी विचारलं, "टेकली का, बाई?"

"टेकली!" मी काठाकडं तोंड करून ओरडले. गावानं उचलून धरलं. अशी पाच वर्षं गेली. खांब हलवला हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी तर रोज त्याच खांबाखाली मुलांना रांगेत उभं करत होते.

मग ते दुष्काळी वर्ष आलं. पाऊस निम्म्यावर थांबला, धरण भरलंच नाही, होतं ते पाणीही लवकर सोडावं लागलं. चैत्र लागायच्या आधीच बुडलेलं गाव चिखलातून वर येऊ लागलं. आधी देवळाचा कळस, मग शिखर, मग चावडीच्या भिंती, मग माझी जुनी शाळा. गावाला आनंद झाला असं म्हणावं तर खाली सपाटीवर लोक टँकरची वाट बघत होते, आणि दादाचा ऊस उभ्या उभ्या वाळला होता. पण वाडीतल्या म्हाताऱ्या बायका रोज त्या चिखलाच्या कडेला जाऊन बसायच्या आणि आपापलं घर कुठं होतं ते एकमेकींना दाखवायच्या.

जत्रेच्या दिवशी उजाडताच मी एकटीच खाली गेले. जुनी शाळा देवळापासून वीसेक पावलांवर होती, तिचा स्लॅब शाबूत होता. मागच्या बाजूला गाळ इतका साचला होता की त्यावरून चढून स्लॅबवर जाता येत होतं. गेले. मध्यावर, हातभर जागेत, शेंदराचे पाच गोल ठिपके होते. तेलातला शेंदूर, पाण्याला दाद न देणारा. शेंबीच्या आकाराचे, एकाशेजारी एक, जणू कुणी हजेरी घेतलीय.

मी मान वर करून उताराकडं पाहिलं. खिंडीतला दगड दिसला, अंगणात हलवलेला माझा खांब दिसला, आणि दोन्ही एका रेषेत दिसले. पाच वर्षं काठी देवाला नाही, माझ्या शाळेला टेकत होती. पाच वर्षं माझ्या शब्दावर गावानं राब पेटवले होते. मी काय करावं? मी पदर ओला करून ते ठिपके घासायला लागले. अर्धा तास घासलं. ठिपके होते तिथंच राहिले, पदर तेवढा केशरी झाला. शेवटी ओंजळीनं गाळ आणून वर पसरला आणि चोरासारखी वर आले.

जत्रेला गाव जुन्या जागी उतरलं. देवळापुढं मांडव-डहाळे घातले, चिखलावर हिरवी सावली पडली. म्हाताऱ्या गुरवाला दोघांनी धरून कळसाखाली आणलं. आणि तोलबाबांनी कैक वर्षांनी जमिनीवर पाय रोवून काठी नाचवली. डोळे पांढरे झालेले, मान मागं टाकलेली, घुंगरांकडं कान. कोपरावर, कपाळावर, परत तळव्यावर. काठी कलली, उतरली आणि पिसं कळसाला लागली. कळसावरच्या शेवाळ्याची पापडी उडाली. "टेकली!" गुरवाचा आवाज फाटला. गाव ओरडलं नाही, गाव रडलं. मीही रडले, पण माझं रडणं वेगळं होतं.

गर्दी ओसरल्यावर तोलबाबा माझ्याजवळ आले. हात पुढं करून त्यांनी मला चाचपलं आणि जरा थांबून म्हणाले, "बाई, तुमच्या पदराला शेंदराचा वास येतोय."

"देवाला लावत होते," मी म्हटलं.

"बरं केलं," ते म्हणाले. खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं होतं. पण त्यांचा चेहरा त्या दिवशी इतका निवलेला होता की मला धीर झाला नाही. निदान एक गोष्ट मी केली. दुसऱ्या दिवशी नामाला घेऊन कळसाशी उभी राहिले आणि नव्या खुणा घेतल्या. खिंडीतला दगड आणि पाण्याच्या टाकीचा कोपरा. आता चुकायचं नाही, असं स्वतःला बजावलं.

पुढचा पावसाळा भरघोस झाला. धरण तुडुंब भरलं, सांडव्यावरून वाहिलं. सगळीकडं आनंदीआनंद. फाल्गुन संपत आला तरी पाणी हललं नव्हतं, आणि एवढ्या खोलात काठी पुरेल का अशी शंका मला आली. मी माहेरी गेले. दादा पाणीवाटपाच्या कमिटीवर होता.

"दादा, कालव्याचं पाणी पौर्णिमेच्या आधी सोडायला सांग की. आठ दिवस आधी. तेवढ्यानं आमचं काम होईल."

दादानं मला बांधावर नेलं. "तायडे, ह्ये बघ. कांदा काढनीला आलाय. आत्ता पानी दिलं तर जागेवर सडंल. माझा एकट्याचा न्हाई, साऱ्या शिवाराचा. वैशाखात ऊस तहानला की मंग सोडायचं, आसं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. आता म्या कुनाला काय सांगू? तूच सांग."

मागच्या वर्षी त्याच बांधावर त्याचा वाळलेला ऊस मी पाहिला होता. मग मी पाटबंधारे कचेरीत अर्ज घेऊन गेले. साहेब सज्जन होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चहा पाजला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं म्हणणं मला समजतं. पण पिकाचं वेळापत्रक असतं, तिथीचं कसं बसवू?" त्यांच्यावर रागही धरता येईना. कुणी वाईट असतं तर किती सोपं झालं असतं.

पौर्णिमेला आम्ही होडी काढली. तोलबाबा आता फार थकले होते. काठी कपाळावर घेतली नाही, छातीशी धरून बसले. मी नव्या खुणा जुळवल्या. दगड, टाकी, सुळका, आंबा. केसभर चूक नाही. "इथंच, बाबा," म्हटलं, आणि या वेळी मी शपथेवर सांगू शकले असते.

त्यांनी काठी सोडली. दहा हात, बारा हात, चौदा हात. ते होडीच्या कडेवर पोटावर झोपले. पंधरा, सोळा. लालपांढरं कापड पाण्यात जात राहिलं. घुंगरांना पाणी लागलं आणि त्यांचा आवाज बंद झाला. मोरपिसं भिजली, काठीला चिकटली. त्यांची मूठ पाण्यात गेली, मग मनगट, मग कोपर, मग खांद्यापर्यंत हात. नामानं त्यांचे पाय धरून ठेवले होते. काठी खाली कशालाच लागली नाही. पाण्यात नुसती इकडून तिकडं हलत राहिली.

काठावर हलगी थांबली. माणसं हात वर करून उभी होती, माझ्या शब्दाची वाट बघत. घराघरात चुली गार होत्या. वरच्या उतारावर पालापाचोळा पसरून ठेवलेला इथूनही दिसत होता. मी तोंड उघडलं. इतकी वर्षं खणखणीत ओरडत आले होते, पण आता "टेकली" म्हणता येईना आणि "नाही" म्हणता येईना.

तोलबाबांनी मला या वेळी विचारलंच नाही. त्यांनी मान वळवून पाण्यात गेलेल्या स्वतःच्या हाताकडं पाहिलं. दिसत काही नव्हतं त्यांना, तरी पाहिलं. मग गुडघ्यावर उठले, काठाकडं तोंड केलं आणि काठी पेलणाऱ्यानं कधीच बोलायचा नसतो तो शब्द पूर्ण आवाज काढून ओरडले, "टेकली!"

"टेकलीऽऽ" गाव म्हणालं. हलगी सुरू झाली.

नामानं होडी वळवली. तो काठाकडं बघत वल्हवत होता, आमच्याकडं बघायचं टाळत होता. तोलबाबांनी ओली काठी मांडीवर आडवी घेतली होती. त्यांच्या हातात आडवी काठी मी पहिल्यांदाच बघत होते. बरंच अंतर गेल्यावर ते हळूच म्हणाले, "बाई, खोटं बोलायला लई ताकद लागती. तुमी पाच वर्सं कशी काढली?"

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"पैल्याच वर्सी. कळसाला लागली की हातात झिणझिण्या येत्यात. त्यो शाळंचा सलाब मुका आसतो. मला वाटलं, गावाचा राब आडू नये म्हनून बाईंनी सोताच्या डोक्यावर घेतलंय. मंग आपून कशाला उघडं पाडा? तुमच्या सबदावर म्या बी राब पेटवला. आन दुस्काळात तुमच्या पदराला वास आला, तवा कळलं का तुमी पुसायला गेला व्हता."

"नाही हो बाबा," मला हुंदका आवरेना. "मला खरंच ठाऊक नव्हतं. मी खांब हलवला आणि विसरले. मला दुष्काळात कळलं. मी खोटं बोलत नव्हते, मी चुकले होते."

त्यांनी काठीला चिकटलेली मोरपिसं बोटांनी मोकळी केली. वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता. "मंग बरं झालं," शेवटी म्हणाले. "तुमी न्हाई बोलला खोटं. आज म्या बोललो. एकदाच."

काठावर उतरल्यावर लोकांनी त्यांच्या पाया पडायला गर्दी केली. दुसऱ्या दिवशी सगळ्या उतारावर राबाचा धूर चढला. तोलबाबांच्या खाचरात धूर नव्हता. त्यांचा वेगळा निघालेला मुलगा विचारायला गेला तर म्हणाले, औंदा मला बरं वाटत न्हाई, तू तुझा पेटव.

श्रावणात ते गेले. मी पोचले तेव्हा अंगणात गाव जमलं होतं. त्यांच्याकडची रीत अशी, की काठी पेलणारा गेला की उचलायच्या आधी काठी त्याच्या कपाळाला टेकवायची आणि मगच ती पुढच्या हातात जाते. पाऊस भुरभुरत होता. मुलगा काठी धरून उभा होता. त्याला ती नीट पेलतही नव्हती, दोघांनी मागून आधार दिला होता. काठी कलली, डगमगली, आणि भिजलेली मोरपिसं त्यांच्या कपाळावर अलगद येऊन थांबली. गुरव उन्हाळ्यातच गेला होता. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"बाई," मुलगा म्हणाला, "टेकली का?"

मी जवळ जाऊन वाकले आणि नीट पाहिलं. इतक्या वर्षांत मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगणार होते अशी ही पहिलीच काठी होती, आणि ऐकून घ्यायला ते नव्हते. मी सांगितलं, "टेकली."